नात पर्मनंट झाली

गुरुवार, दिवेलागणीला

सकाळी नातीचा, आरतीचा, फोन आला. "आज्जे, झालं माझं! आस्ट्रेलियाचं आलं. पर्मनंट!" कारखान्यात सळई मशीनवर तुटस्तोवर ताणायची अन् तिनं किती दम धरला ते लिहायचं, हे तिचं काम. तिकडं अशी माणसं पाहिजेत म्हणे. मला वाटलं, पोरगी नोकरीत पर्मनंट झाली. आमच्याकडं मास्तर पर्मनंट झाला की पेढे वाटतात, तर मी बी गल्लीभर साखर वाटली. शेजारच्या रुबीनाबीनं तर माझ्याच तोंडात चिमूट कोंबली.

सांजच्याला लेक म्हणला, "माय, पर्मनंट म्हंजे तिकडंच राहायचं. कायमचं."

मग मी वाटून काय आले? आनंद खोटा न्हाई, लई शिकली पोरगी. पण पर्मनंट... काहून सकाळीच इचारलं न्हाई मी?

आत्ता पुन्हा फोन. "आज्जे, तू न्हाई म्हणलीस तर न्हाई जात." खरंच थांबली असती, लई जीव तिचा माझ्यावर. म्हणलं, "जा की. थंडी असती का तिकडं?" ती म्हणली, "असती." मग गोधडीचंच बोलत बसले, दुसरं काही तोंडात येऊ दिलं न्हाई.