तुझ्या गळ्यातला टाक

आक्का, काल मी तुझं डोरलं घेऊन जुन्नरला गेले होते. घरात नुसतं सोनाराकडे काम आहे एवढंच सांगून निघाले. तू जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तुझी वस्तू तुला न विचारता पिशवीत घालताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. म्हणून आज सुट्टीचं निवांत बसून तुला सगळं सांगते आहे.

डोरल्यातल्या दोन वाट्या तुझ्या. त्यांच्या शेजारी ओवलेला नखाएवढा सोन्याचा टाक मात्र माझ्या आईचा. ती गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. वर्ष व्हायच्या आत तुला महाळुंग्यात आमच्या वडिलांना दुसरेपणावर दिलं, आणि आजीनं लग्नाआधीच मंचरहून सवतीचा टाक करून आणला. गेलेल्या बाईचा मान राहावा, तिनं नव्या संसारात अडथळा आणू नये, म्हणून दुसरीनं तो जन्मभर गळ्यात वागवायचा. पत्र्यावर ठोकलेली एक उभी बाई, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. मला आईचा चेहरा आठवत नाही आणि तिचा फोटोही कुणी काढला नव्हता. तू भाकरी थापत असताना मी विचारलं होतं, ही गळ्यात कोण आहे? तू मान वर न करता म्हणालीस, "तुजी आई हाय."

अजून डोळ्यांपुढे आहे: तू चुलीपुढे वाकतेस, डोरलं आगीकडे लोंबतं, तू ते पाठीवर टाकतेस, जरा वेळानं ते पुन्हा पुढे येतं. मी मागून येऊन टाकाला हात लावते, तर तो कोमट असतो. सणावाराला हळदकुंकू आधी त्याला, मग तुला. आणि घरात कुणी नाही असं वाटलं की तू त्याच्याशी बोलायचीस. मी पडवीत बसून ऐकायचे. "बगा बाई, तुमची लेक आजबी डबा तसाच घिऊन आली. माजं ऐकत न्हाई, आता तुमीच काय ते सांगा." माझी सगळी गाऱ्हाणी तू तिच्याकडे करायचीस, तीही अहो-जाहो करून. वडिलांकडे माझ्याबद्दल एक शब्द काढला नाहीस.

मी दहा वर्षांची असताना डोरल्याचा दोरा कुजला आणि नव्यानं ओवायला तू सगळं ताटलीत काढून ठेवलंस. तुझा लेक, आमचा धाकटा, तेव्हा वर्षाचा होता, दिवसभर तुझ्या कडेवर असायचा, टाकाशी खेळायचा, तो तोंडात घालायचा. माझी आई त्याच्या तोंडात, हे मला सहन व्हायचं नाही. तू पाणी आणायला गेलीस तेवढ्यात मी टाक उचलला आणि कंपासपेटीत लपवला. तीन दिवस तू घर पालथं घातलंस. पीठ चाळलंस, चुलीतली राख चाळलीस, अंगण दोनदा झाडून केर निवडलास. आजी म्हणाली, हे काही चांगलं लक्षण नाही. तू जेवायला बसायचीस आणि दोन घास खाऊन उठायचीस. इकडे मी वर्गात पुन्हा पुन्हा पेटी उघडून बघत होते. मला वाटलं होतं, आता ती माझ्या एकटीची होईल, मीही तिच्याशी बोलेन. पण बोलायला काही सुचेना. टाक गार पडलेला, पेन्सिलीच्या टोकांत आणि खोडरबराच्या चुऱ्यात नुसता पडून होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो हळूच ताटलीत ठेवायला गेले आणि तू दारात उभी होतीस. मला वाटलं, आता मार बसणार. तू टाक घेतलास, धुतलास, पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "तुला पायजे व्हता तर मागायचा. मी काढून दिला असता." एवढंच. त्या वाक्यानं मी जितकी खजील झाले तितकी पुढे आयुष्यात कधी झाले नाही. आजीला तू सांगितलंस की टाक पिठाच्या डब्यामागे सापडला.

वडील गेल्या वर्षी गेले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधलेलं हे डोरलं निघालं. धाकट्यानं ते माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, अरे, वाट्या तुझ्या आईच्या आहेत. तर म्हणाला, "ताई, दोगींचं हाय ते. तुज्याकडंच असू दे, तुला पटंल ते कर." मी नवा दोरा करून घेतला आणि एक दिवस ते घालून अवसरीला कामावर गेले. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात मी आता पंधरा वर्षं आहे. दुपारी डबा खाताना आमच्या शिपाईबाईंनी टाक बघितला आणि जवळ सरकून हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुमालाबी दुसरेपणावर दिलंय व्हय?" घरी सांगितलं तर हे पोट धरून हसले. मीही हसले, पण डोरलं काढून कपाटात ठेवलं. लेकीचं म्हणणं, कपाटात ठेवून काय उपयोग, मला एक बांगडी कर, मी रोज घालीन. तिचं खोटं नव्हतं. पण मोडायचं म्हटलं की माझा हात मागे यायचा. शेवटी मनाशी ठरवलं, वाट्यांची बांगडी करायची आणि टाक तेवढा जपून ठेवायचा.

जुन्नरला एका बोळात म्हातारे कारागीर चाचा बसतात. त्यांनी टाक भिंगाखाली धरला, बराच वेळ बघितला आणि मग मला बघायला दिला. चेहरा राहिलाच नव्हता, आक्का. डोळ्यांचे ठिपके गेलेले, नाक-तोंड सपाट. तुझ्या कुंकवाच्या बोटानं, माझ्या हातानं, धाकट्याच्या दातांनी सगळं झिजलं. चाचा म्हणाले, फोटो असेल तर नवा चेहरा कोरून देतो. मी म्हटलं, फोटो नाही. त्यांनी विचारलं, मग ठेवून काय करणार? मी टाक वाट्यांशेजारी ठेवला. मग मीच विचारलं, वाट्या आणि टाक एकत्र आटवले तर? त्यांनी चष्मा काढला. "ताई, सोनं एक होऊन जाईल. नंतर कुठलं कुणाचं, ते मलापण सांगता यायचं नाही."

त्यांनी चहा मागवला, घाई केली नाही. चहा संपल्यावर मी म्हटलं, करा.

गिऱ्हाईक समोर असलेलं बरं, असं म्हणून त्यांनी मला मुशीजवळच बसवलं. गॅसची ज्योत धरली. टाक पातळ, तो आधी लाल झाला, कडेनं वाकला आणि बसला. मग वाट्या गेल्या. शेवटी एकच गोल थेंब हलत राहिला. वाईट वाटेल म्हणून मी रुमाल हातात धरून बसले होते, तो लागला नाही. संध्याकाळी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, बरं झालं, बांगडी झाली की दाखव. गुरुवारी मिळेल.

एक मात्र त्यालाही सांगितलं नाही. टाक वाकला त्या क्षणी माझ्या तोंडून काहीतरी निघालं. चाचांनी ज्योत बाजूला करून विचारलं, काही म्हणालात का? मी नाही म्हटलं. पण म्हणाले होते. माझ्या आईचा टाक डोळ्यांसमोर वितळत होता, आणि मी हाक मारली ती तुला.