लॅटिनच्या निवड समितीचा मी एकमेव सभासद

९ ऑगस्ट १९८६, शनिवार. शॉमबर्ग.

निर्णय झाला. दीपा शाळेत जाणार नाही.

सहा वर्षांची झाली. सप्टेंबरात पहिलीत जायची. पण इथल्या पहिलीत काय चालतं ते मी मे महिन्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो आहे. भिंतभर कागदाच्या ताटल्या, त्यांवर गोंदाने चिकटवलेली मॅकरोनी. याला आर्ट म्हणतात. मास्तरीण म्हणाली, इथे प्रत्येक मूल स्पेशल आहे. मग शिकवायचं कोणाला?

मी घरीच शिकवणार. याला इथे होमस्कूल म्हणतात; इलिनॉयमध्ये कायद्याने चालतं, चौकशी केली आहे. गणित, वाचन वगैरे किरकोळ विषय दिवसा नंदा बघेल. मुख्य विषय माझ्याकडे: लॅटिन. आपल्याकडे संस्कृत तसं यांच्याकडे लॅटिन. यांना स्वतःला येत नाही ही गोष्ट वेगळी. दहा वर्षांनी दीपा यांच्याच नाकावर टिच्चून लॅटिन बोलेल. मला स्वतःला लॅटिन येत नाही, पण अकरावीला संस्कृतात चौऱ्याण्णव मार्क होते. उरलेले सहा परीक्षकाच्या अज्ञानामुळे गेले.

नंदाने एकच अट घातली. लेबर डेपर्यंत, म्हणजे एक सप्टेंबरपर्यंत, पुस्तक ठरवून शिकवायला सुरुवात झाली पाहिजे. नाही झाली तर दीपा शाळेत. मी हसलो. तीन आठवड्यांत माणूस पूर्ण रिफायनरीचे पंप निवडतो.

१६ ऑगस्ट, शनिवार.

पहिला कोर्स आला. रंगवायचं पुस्तक निघालं. रोमन लोकांचा टोगा गुंडाळलेलं अस्वल, हातात द्राक्षं. खाली एकच लॅटिन शब्द. बाकी पानभर अस्वल. रिजेक्ट.

दीपाला अस्वल आवडलं. रंगवायला मागत होती. नाही दिलं. एकदा सवय लागली की संपलं.

२३ ऑगस्ट, शनिवार.

दुसरा कोर्स. कॅसेटी. टेक्ससचा कोणी गृहस्थ लॅटिन बोलतो. गुरं हाकल्यासारखं. रिजेक्ट.

तिसरा कोर्स विस्कॉन्सिनच्या एका बाईंनी स्वतःच्या सात मुलांसाठी लिहिलेला. प्रस्तावनेत सातही मुलांचे फोटो. एकाच्याही चेहऱ्यावर लॅटिनची खूण नाही. शिवाय द्विवचन कुठेच नाही. बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, लॅटिनमध्ये द्विवचन नसतंच. भाषेबद्दलचा माझा आदर थोडा कमी झाला, पण नेटाने पुढे जायचं ठरवलं.

२७ ऑगस्ट, बुधवार.

शास्त्रशुद्ध पद्धतीने जायचं. ऑफिसात पंप निवडायला आमची एक ठरलेली रीत आहे. सगळ्या व्हेंडर्सची माहिती मागवायची, एकवीस निकष लावायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, स्प्रेडशीटवर बेरीज करायची. भावनेला जागा नाही. लंच अवरमध्ये, काल आलेला चौथा कोर्स धरून, लॅटिनचं शीट तयार केलं. बॉस मागे येऊन उभा राहिला होता, त्याला वाटलं कूलिंग वॉटर पंपचं आहे. म्हणाला, गुड जॉब, टिम. माझं नाव त्र्यंबक आहे हे या माणसाला आठ वर्षांत जमलेलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. लेबर डे.

शेजारी हॉटडॉग भाजतायत. वर्षातून एकदा श्रमाचा सन्मान, तोही खुर्चीत पसरून.

नंदाने विचारलं, पुस्तक ठरलं का. म्हटलं, नव्वद टक्के. इंडियानातल्या एका निवृत्त पाद्र्याचा सायक्लोस्टाइल कोर्स अजून यायचा आहे, तो आल्याशिवाय तुलना अपुरी. ती 'बरं' म्हणाली. मुदतवाढ मिळाली. नंदाचा हा गुण मला आवडतो. एकदा पटवून दिलं की वाद घालत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार.

संध्याकाळी बेसमेंटमध्ये कॅटलॉग वाचत बसलो असताना दीपा धावत खाली आली. काहीतरी सांगत होती. जेनी, खिडकीजवळची सीट, कसलासा हॅम्स्टर, म्हणजे पाळीव उंदीर. ही जेनी म्हणजे समोरच्या घरातली मुलगी. मी नेमका निकष क्रमांक चौदावर होतो. व्हेरी गुड म्हटलं. वर गेली.

पायात नवे बूट होते. घरात बसणाऱ्या मुलीला नवे बूट कशाला? नंदाला खर्चाचं भान नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार.

मंडळाचा गणपती. भाड्याच्या चर्चचा हॉल, तीनशे माणसं, एक माइक, तोही शिट्ट्या मारणारा. मंडळातला श्रीरंग भेटला. मुलाला कॉम्प्युटर कॅम्पला घातलंय म्हणाला. छाती इतकी पुढे की हात मिळवायला वाकावं लागलं. मी शांतपणे सांगितलं, दीपा घरी शिकते, लॅटिन. श्रीरंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. किती झालं, असं विचारत होता. म्हटलं, पाया पक्का करतोय.

मुलांच्या कार्यक्रमात दीपाने छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा घडाघडा म्हटली. एक शब्द चुकला नाही. हे तिला कोणी शिकवलं? कोणी नाही. घरी शिकणाऱ्या मुलांची ग्रहणशक्ती अशीच वाढते. श्रीरंगच्या बायकोने, रुपालीने, तिला टीचरचं नाव विचारलं, तर दीपा म्हणाली, मिसेस नोव्हाक. काल्पनिक शिक्षिका! आता ही प्रतिभा मॅकरोनी चिकटवून येते का?

नंदा तेवढ्यात मोदक आणायला गेली.

२८ सप्टेंबर, रविवार.

पाद्र्याचा कोर्स आला. भारदस्त. चित्र एकही नाही. पण पहिल्याच पानावर सूचना, की पालकाने आधी दोन महिने स्वतः धडे करावेत, मग मुलाला बसवावं. मी? मी इंजिनियर आहे. आईवडिलांना शिकवायचं असतं तर कोर्सची किंमत मुलांच्या नावाने का घेतली? निकष क्रमांक बावीस वाढवला: लेखकाची नम्रता. पाद्री दुसऱ्यावरून पाचव्यावर.

१२ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

विद्यारंभाला याहून चांगला दिवस नाही. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. दीपाने विचारलं की हा रोबोट आहे का. दुर्लक्ष केलं. पाटापुढे पाचही लॅटिन कोर्स मांडले, अस्वलासकट. हळद-कुंकू, फूल, आपट्याच्या ऐवजी अंगणातल्या मेपलचं पान. पूजा झाल्यावर नंदाने विचारलं, मग आज सुरू? तिला साधी गोष्ट माहीत नाही. दसऱ्याला पूजेत ठेवलेली पुस्तकं त्या दिवशी उघडायची नसतात.

उद्यापासून.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

कोलंबस डे. आज पुस्तकांवरची फुलं काढली. एवढ्याने प्रसन्न वाटलं. विस्कॉन्सिनच्या बाईंच्या सातही मुलांच्या फोटोंना कुंकू लागलंय, पुसायला गेलो तर आणखी पसरलं.

१ नोव्हेंबर, शनिवार.

ऑफिसात वाईट प्रकार. कूलिंग वॉटरचा पंप बॉसने परस्पर घेऊन टाकला. माझी तुलना पूर्ण व्हायची वाट न बघता, एक फोन करून. बसवलासुद्धा. चालतोय म्हणे. चालणं आणि योग्य असणं यातला फरक या देशाला कळायचा नाही.

तुलनेवरचा माझा विश्वास यामुळे उलट वाढला. इंग्लंडहून सहावा कोर्स मागवला.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

नंदाने विचारलं, गुरुवारी संध्याकाळी तिच्याबरोबर कॉन्फरन्सला येणार का. कसली कॉन्फरन्स ते विचारलं नाही. मंडळातल्या बायकांचं काहीतरी असणार, पाककृती नाहीतर ताणतणाव. इंग्लंडचं पार्सल त्याच दिवशी यायचंय म्हणून नाही म्हटलं. ती दिवा मालवून झोपायला गेली. थकलेली दिसते. दिवसभर शिकवणं सोपं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.

थँक्सगिव्हिंग जवळ आलं. फ्रिजवर दीपाच्या पंजाचा ठसा. त्याला चोच आणि पाय काढून टर्की केलाय. खाली स्वतःच्या अक्षरात: आय अ‍ॅम थँकफुल फॉर माय हॅम्स्टर. आपल्याकडे हॅम्स्टर नाही. कल्पनाशक्ती कमालीची. शाळेतल्या मुलांकडून अशी स्वतंत्र कलाकृती झाली असती का? अशक्य.

तिला वाचता येतं, लिहिता येतं, डॉलर-सेंटचा हिशेब येतो. तीन महिन्यांत. नंदाला शिकवणं जमलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं, पण दिशा माझी होती. पुण्याला राजीवला पत्र टाकलं आणि आमच्या प्रयोगाची सविस्तर माहिती दिली. धाकटा भाऊ आहे, त्याने शिकावं. मुलांना कॉन्व्हेंटला घालून मोकळा झाला.

६ डिसेंबर, शनिवार.

निकाल. शेवटचा निकष काल वाढवला: चित्र एकही नसणे. एकूण तेवीस निकष, सहा व्हेंडर. बेरीज तीनदा केली. पाद्री पहिला.

अस्वल दुसरं आलं, पण ते स्प्रेडशीटची चूक आहे.

सोमवारची रजा टाकली आहे. रोज सकाळी साडेसहाला ऑफिसातल्या गिरीशच्या कारपूलमध्ये निघावं लागतं, म्हणून दिवसाचा वर्ग मी अजून एकदाही पाहिलेला नाही. सोमवारी पाहीन, आणि सूत्रं हातात घेईन.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळ.

टाय लावला. शिक्षकाने शिक्षकासारखं दिसावं. डायनिंग टेबल पुसून पाद्र्याचा पहिला धडा, दोन पेन्सिली, पाटी मांडली.

नंदा डब्यात सँडविच भरत होती. विचारलं, घरी शिकणाऱ्या मुलीला डबा कशाला. तिने झाकण लावून डबा दाराशी ठेवला. तेवढ्यात दीपा कोट, टोपी, दप्तर अशा पूर्ण जामानिम्यात जिन्यावरून आली, 'बाय डॅडी' म्हणाली आणि बाहेर. मी चपलांनिशी बर्फात मागे धावलो. कोपऱ्यावर पिवळी बस उभी होती. ड्रायव्हर बाईने दीपाला नावाने हाक मारली. दार मिटलं. खिडकीतून दीपाने हात केला. खिडकीजवळची सीट.

परत आलो तेव्हा नंदा दारात उभी होती. मी म्हटलं, हा विश्वासघात आहे. मला अंधारात ठेवलं. ती मुळीच चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"लपवलं कोणी? लेबर डेचं आपलं ठरलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तिने स्वतः खाली येऊन तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही व्हेरी गुड म्हणालात. मला वाटलं, मान्य केलंत. मग लक्षात आलं, ऐकलंच नव्हतं. तिच्या टीचरला भेटायच्या कॉन्फरन्सलाही बोलावलं, तुम्ही पार्सलसाठी थांबलात. तेव्हापासून मी वाट बघतेय, तुम्ही तिला एकदा तरी विचाराल, की आज दिवसभर काय केलंस."

मी म्हटलं, मी तिच्यासाठीच तर बसत होतो. ती म्हणाली, माहीत आहे. आणि आत गेली.

८ डिसेंबर, दुपार.

एकट्याने पहिला धडा उघडला. दोन तास बसलो. काही कळलं नाही. चौऱ्याण्णव मार्कांचा काही उपयोग झाला नाही. पण खचून जाण्याचं कारण नाही. बस आली की दीपाचं दप्तर काढून घ्यायचं आणि सांगायचं, उद्यापासून शाळा बंद. बापाचा शब्द आहे.

८ डिसेंबर, संध्याकाळ.

कोपऱ्यावर वेळेआधीच जाऊन उभा राहिलो. टाय होता. काखेत पाद्री होता. बसमधून दीपा उतरली, तिच्यामागे जेनी. दोघी कशावरून तरी खिदळत होत्या. दीपा अशी हसते हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तिचा आवाज ओळखीचा होता, हसणं नवीन होतं.

मी पाठ केलेलं वाक्य बोलणार तेवढ्यात जेनीने माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि दीपाला विचारलं, "इज दॅट युअर डॅड? द वन हू इज होमस्कूल्ड?"

नंतर कळलं, वर्गात प्रत्येकाला वडील काय करतात ते सांगायचं होतं. दीपाने हे सांगितलं होतं. रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये पुस्तकं घेऊन बसतात, ते होमस्कूल. घरात हा शब्द तिने फक्त माझ्याबाबतीतच ऐकलेला.

"यस," दीपा म्हणाली. मग आवाज खाली आणून, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "बट ही हॅजन्ट स्टार्टेड येट. प्लीज डोन्ट आस्क हिम अबाउट इट."

मला लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. जेनीने मान डोलावली आणि खरंच काही विचारलं नाही. दीपाने दप्तर माझ्या हातात दिलं. दोघी पुढे पळाल्या. मी एका काखेत पाद्री, एका हातात दप्तर घेऊन त्यांच्या मागून घरी आलो.