काजळ पुसलेली किटली

१२ नोव्हेंबर १९७२, नागापूर (नगर)

अखेर बिऱ्हाड लागलं. साताऱ्याहून निघालेला आमचा संसार ट्रकमधून धक्के खात इथवर आला आणि फक्त आरसा फुटला, एवढ्यावरच निभावलं. कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली, पुढे ओटा, मागे मोरी. घरमालकीण भिमाबाईंनी आल्या आल्या चहा पाठवला आणि त्याच्याबरोबर पाणी जपून वापरायची ताकीदही. दुष्काळाने सगळ्यांचेच चेहरे ओढलेले आहेत. नोकरी मात्र अगदी माझ्या आवडीची मिळाली. लोखंडी वस्तूंवर क्रोमचा मुलामा चढवण्याच्या खात्यात देखरेख करायची. दिवसभर चकचकीत वस्तू बघायच्या आणि वर पगार घ्यायचा. पुष्पावती सगळ्यांना सांगत असते की हे लग्नातसुद्धा माझ्याकडे कमी आणि आहेराच्या भांड्यांकडे जास्त बघत होते. राही दोन वर्षांची आहे. तिने पहिल्याच संध्याकाळी भिमाबाईंच्या शेळीशी गट्टी जमवली. मी सुखी आहे, आणि ते लिहून ठेवायला हरकत नाही.

१९ नोव्हेंबर

रविवार सत्कारणी लावला. भिंगारच्या जुन्या बाजारात क्रोमची एक सिगारेटची डबी आणि टोस्ट उभे करायची जाळी मिळाली. लष्करी कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांनी जाताना मागे टाकलेलं सामान त्यांच्या खानसाम्यांच्या घरांतून अजून बाजारात येतं. आमच्या घरात दाणे भरायला डबे नाहीत आणि सिगारेटची डबी आली, ओढणार कोण, असं पुष्पावतीने विचारलं. तिला कसं सांगू? नवी वस्तू कुणीही आणील. मला लागते ती कुणाच्या तरी हाताने झिजलेली, ठिपके पडलेली. चाळलेली राख, लिंबाची साल आणि मऊ फडकं घेऊन तासन्‌तास बसायचं, आणि मग तिच्यात हळूहळू आपलं तोंड उमटतं. त्या वेळी मला जेवणाचीही आठवण राहत नाही.

३ डिसेंबर

आज शेवगावला जाऊन आलो. बाजारात धान्य कमी आणि घरातलं सामान विकायला बसलेली माणसंच जास्त. अशा माणसांशी घासाघीस करायची लाज वाटली, पण हावही सुटेना. एका कोपऱ्यात साळूबाई नावाची म्हातारी बसली होती. तिचा नवरा कोंडीराम कधीकाळी नगरला साहेबाकडे खानसामा होता. तिच्यापुढे एकच वस्तू होती, मोठ्या पोटाची किटली, तळापासून तोटीपर्यंत काळीकुट्ट. नखाने जरा खरवडलं तर आत क्रोम! म्हातारीने पैसे घेतले, पण किटली सोडेना. "काळीच बरी हाय ती. पुसू नगा," म्हणाली. मी बरं म्हटलं. बाजारात आपण म्हणतोच.

घरी येऊन रॉकेलच्या फडक्याने पुसली. चुलीची काजळी नव्हती ती. तेलात कालवलेलं काजळ थरावर थर देऊन फासलेलं होतं. सगळं निघालं. पोटावर दोन बारीक डाग तेवढे राहिले, ते काही केल्या जाईनात. बाकी अशी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती.

६ डिसेंबर

नवा आरसा आणायचा राहूनच गेला आहे. पुष्पावती आता किटलीत बघूनच कुंकू लावते आणि राहीला तीट लावतानाही किटलीसमोरच बसवते. राहीला तर वेडच लागलंय. किटलीतल्या राहीला ती भाकरीचा तुकडा देते, आणि ती घेत नाही म्हणून रुसते.

११ डिसेंबर

सकाळी पुष्पावती कुंकू लावून चुलीकडे गेली. किटलीत ती अजून बसलेली होती. मग दिसेनाशी झाली.

गोल पोटात प्रतिबिंब वाकडंतिकडं दिसतंच. शिवाय आमच्या खात्यातल्या वाफांनी डोळे चुरचुरतात.

१५ डिसेंबर

राहीला शेळी दाखवायला उचलून घेतलं. किटलीत ती तिथेच उभी राहिली. दोन्ही हात वर करून, कुणीतरी घ्यावं म्हणून.

माझ्या कडेवर राहीच होती, वजन होतं, अंग कोमट होतं. पण शेळी बघून ती हसली नाही. दिवसभर तिने काही मागितलं नाही, की रडली नाही. भिमाबाई म्हणाल्या, पोरगी शहाणी झाली.

१८ डिसेंबर

डॉक्टरांनी तपासलं. अशक्तपणा आहे, यंदा सगळीच पोरं अशी आहेत, असं म्हणाले. दूध लिहून दिलं. दूध तिच्या ओठांवरून ओघळतं. हाक मारली तर मान वळवते, पण बघत नाही.

किटलीतली राही मात्र बघते. पुष्पावतीनेही आज पाहिलं. ते दोन डाग मोठे झाले आहेत. ते डाग नाहीत. दूर उभी असलेली एक बाई आणि एक मुलगा आहे.

२० डिसेंबर

शेवगावला जाऊन साळूबाईला शोधून काढलं. दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी काजळ पुसलं म्हटल्यावर तिने हातोडी खाली ठेवली. तिचा नातू आधी आत गेला. त्याला बघत बसली म्हणून सूनही गेली. दोघांची अंगं बाहेर थोडे दिवस हिंडली आणि मग थंड पडली. "आमी काय मळलीय म्हणून काळी ठेवली न्हवती," ती म्हणाली. "आत गेलेलं भाईर येत न्हाई, बाबा. काळं फासलं म्हंजी मागं उरलेलं वाचतं."

मग विकली कशाला, असं मी ओरडलो. पोटाला नव्हतं, म्हणाली. काळं फासल्यावर आतल्यांचं काय होतं, तेही विचारलं. तिने हातोडी पुन्हा उचलली. "त्यास्नी अंधार हुतो."

२१ डिसेंबर

काजळ तेलात कालवून तयार केलं. बोटं बुडवली. आतून राही बघत होती. तिला वाटलं तीट लावतोय. कपाळ पुढे केलं तिने.

पुष्पावतीने माझा हात धरला. मला सोडवून घेता आला असता. नाही सोडवला.

२५ डिसेंबर

राहीला पुरून आलो.

घरी आलो तर किटलीत ती जागीच होती, आणि रडत होती. आवाज येत नाही. अंधाराला किती भिते ती. कसं फासू काळं? विहिरीत टाकायचंही मनात आलं, पण विहिरीतही अंधारच —

२७ डिसेंबर

पुष्पावती किटलीपुढून उठत नाही. मी किटलीवर गोधडी टाकतो. ती काढते. पाया पडलो तिच्या. तू तरी राहा म्हटलं. ती म्हणाली, पोर एकटी आहे.

त्या बाईने आणि मुलाने राहीला जवळ घेतलेलं नाही. ते तिच्याकडे बघतही नाहीत. नुसते उभे आहेत.

३० डिसेंबर

पुष्पावती आज उठली. केर काढला, भाकरी केली, मला वाढली. मीठ नव्हतं. तिला सांगितलं. तिने मान वळवली, पण —

किटलीत दोघी आहेत आता. राही तिच्या कडेवर आहे, तरी रडते. पुष्पावती हाताने मला सारखी मागे हो, मागे हो म्हणते.

मी मागे कसा होऊ?

काच धुरकटते तशी किटली धुरकटते. मग त्या दिसत नाहीत. म्हणून पुसतो. पुसताना बघावं लागतं.

८ जानेवारी

पुष्पावतीला अग्नी दिला. मी दिला असं लोक म्हणतात. कारखान्यातले आले होते. रडले. मी त्यांच्याकडे बघत होतो. भूक नाही.

११ जानेवारी

किटलीत तिघं आहेत. मी इथे आहे आणि तिथेही — तिथला मी आतून पुसतो आहे. गोल गोल, माझ्याच सवयीने. बोटं सोललीत त्याची. काहीतरी ओरडतो. राही त्याच्या पायाला धरून —

पूर्वी हे बघून जीव तुटला असता. काजळाची वाटी इथेच आहे. कशाला ठेवली होती?

१२ जानेवारी

भिमाबाई दारात आहेत. लेक बाळंतपणाला आली आहे म्हणतात. किटली किती छान चमकते म्हणतात. मागतात. आतला मी जोरजोरात मान हलवतो आहे. दे म्हणतो की देऊ नको, मला काही कळत —