हिच्या शेजारची खुर्ची

४ जानेवारी

हिला घरी आणलं. हात चालतो, पाय चालतो, देवाची कृपा. बोलणं मात्र — काय लिहू! मेंदूला आलेल्या झटक्यात मराठी गेली. इंग्रजी राहिली. आयुष्यभर शाळेत मुलांना इंग्रजी शिकवली, तीच तेवढी हिच्याबरोबर दवाखान्यातून परत आली. तीही अर्धी. वस्तूंची नावं गळाली आहेत. बारके बारके शब्द उरलेत.

सकाळी हवेत हात फिरवून म्हणाली, "कुड यू... इट... फॉर मी?" मी पाणी आणलं. मानेनंच नाही म्हणाली. शाल आणली. नाही. चष्मा आणला. मग डोळे भरून आले तिचे. दुपारी कळलं, पंखा बंद करून हवा होता.

आणि मी सुतार! गावच्या शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजीच्या तासाला गुरुजी मला बाकांचे डुगडुगणारे पाय ठोकायला बसवायचे. तेव्हा बरं वाटायचं.

६ जानेवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "असं क्वचित होतं. मराठी येईलही परत, सांगता येत नाही. तोवर जे येतंय त्यातच बोला. मराठी ऐकली की त्या गोंधळतात."

लेकीचा फोन. "बाबा, तुम्ही दोघं बोलणार कसे? महिनाअखेर मी येते आणि आईला इकडे घेऊन जाते. आमच्या घरात दिवसभर इंग्रजीच असते."

खरं आहे तिचं. हो म्हणालो. मग कारखान्यात गेलो आणि चांगली सरळ फळी वाकडी कापली. परत फोन लावला.

"मला शिकव."

"काय शिकवू?"

"आईशी बोलायला."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "पेन घ्या," म्हणाली.

९ जानेवारी

कॅन, कुड, विल, वुड, मे, शुड, मस्ट. एवढीशी पोरं, पण अख्खं घर यांच्या तालावर! लेक सांगते — विचारायचं असेल तर आधी यातला एक, मग माणूस, मग काम, मग कुणाबरोबर, कुणासाठी. 'कॅन आय सिट विथ यू?'

आपल्याकडे हे सगळं शब्दाच्या पाठीला चिकटून येतं. तुझ्याजवळ, तुझ्यासाठी, येशील, यावंस. एकाच लाकडातून कोरल्यासारखं. इंग्रजीत सुटे तुकडे आणि ज्याची त्याची जागा ठरलेली. क्रम चुकला की खुर्ची उलटी.

११ जानेवारी

आज जेवणावरून भांडण! मी ताट पुढे केलं आणि प्रेमानं म्हणालो, "यू मस्ट ईट." हिनं ताट सरकवलं. मला वाटलं आग्रह कमी पडला. "यू मस्ट! यू मस्ट!" हिनं तोंडच फिरवलं.

लेकीला विचारलं तर खो खो हसत सुटली. "बाबा, आग्रह नाही झाला तो, फौजदारी झाली! 'वुड यू' म्हणा. म्हणजे, तिच्या मनाला विचारा आधी."

तिच्या मनाला. बरं.

"वुड यू ईट विथ मी?" हिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी निरखून, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडं पाहावं तसं. मग घास घेतला. मी उभ्यानंच जेवत होतो, नेहमीसारखा. हिनं माझ्या पायांकडे बोट केलं. "यू... विथ मी," म्हणाली. मी खोक्यावर टेकलो.

१४ जानेवारी

युक्ती सापडली! नावं माझ्याकडे आहेत — ग्लास, टॉवेल, लाइट, बटन, ती कुणाला येत नाहीत? जोडकाम हिच्याकडे. ही म्हणते, "कॅन यू... फ्रॉम देअर... टू मी?" मी एकेक नाव म्हणत जातो. बरोबर आलं की ही मांडीवर थाप मारते. आज उशी लवकर मिळाली. कंगव्याला मात्र मला नाव येईना आणि हिलाही. दोघं डोकी खाजवत बसलो, आणि तेवढ्यात तीच खूण झाली!

पुष्कळ दिवसांनी हसली.

१५ जानेवारी

काही बोललो नाही. नुसते बसलो. चांगलं वाटलं.

१८ जानेवारी

शाळेत सर्वनामं पाठ केली होती, ती आता आठवतात. आमचा संसार त्यांच्यावरच चालला की! मी हिला 'ही' म्हणतो. ही मला 'अहो', आणि दुसऱ्यांपुढे 'हे'. नावं लग्नपत्रिकेत राहिली. आता मी नुसता 'यू'. इंग्रजीत देवालाही यू, मांजरालाही यू. हरकत नाही. पण 'अहो' ऐकायला कान आसुसलेत.

दिवा लावताना रोज एकच मागतो — हिची मराठी परत दे. ही शेजारी हात जोडून असते. ओठ मिटलेले. काय मागते, कुठल्या भाषेत, देव जाणे.

आणखी एक. खोक्यावर बसून कंबर धरली म्हणून पाहिलं, तर खिडकीशी हिची एकच खुर्ची आहे. सुताराच्या घरात! गावभर खुर्च्या करून दिल्या. घरी आलो की मी जेवणार, आडवा होणार, नाहीतर परत कारखाना. हिच्या शेजारी बसायची जागाच मी कधी केली नव्हती. हिनंही कधी मागितली नाही.

२४ जानेवारी

खुर्ची झाली. हिच्या खुर्चीच्याच उंचीची. एकही खिळा नाही, सगळे सांधे खुंटीचे. बसून पाहिलं. ही खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत राहिली, मग म्हणाली, "फॉर हूम?"

"फॉर मी," म्हणालो. "टू सिट विथ यू."

टूच्या पुढे सिट, हे मी आपलं आपण जुळवलं. चूक काढली नाही हिनं!

३१ जानेवारी

लेक आली. बॅग भरायला घेतली.  मी ठरवलं होतं, मध्ये बोलायचं नाही. हिच्या मनाला विचारायचं.

लेक गुडघ्यावर बसली. "आई, वुड यू कम विथ मी?"

हिनं लेकीच्या गालाला हात लावला. "आय कुड," म्हणाली. मग थांबली. शब्द शोधत राहिली.  दुसरा हात माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवला. "बट आय वुड... हिअर. विथ हिम."

लेक रडली, हसली, मला म्हणाली, "काय जादू केलीत हो?" मी म्हटलं, "मी नाही, तू." बॅग परत माळ्यावर.

३ फेब्रुवारी

कारखान्यातून लवकर आलो. दाराबाहेर चपला काढतोय तोच आतून हिचा आवाज. देवासमोर बसली होती. मराठीत! अडखळणं नाही, काही नाही.

"देवा, तू ह्यांना इतक्यात सांगू नकोस. मीच सांगेन. आणखी थोडे दिवस असंच राहू दे. आत्ता कुठे माझ्याजवळ बसायला लागलेत."

माझं मागणं कधीच पुरं केलंस, देवा, आणि मला बोलला नाहीस!

पायरीवर थांबलो. डोळे पुसले. चपला परत पायात घातल्या, फटफट वाजवल्या, मोठ्यानं खोकलो आणि मग आत गेलो.

"मे आय सिट विथ यू?"

"यू मे," ही म्हणाली.