गाळून प्यालेले पाणी

मी, सन्मती भरमा चौगुले, वय ६९, राहणार मच्छे, तालुका व जिल्हा बेळगाव. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. माझ्यामागे काय व्हावे ते मीच लिहून ठेवते.

१. राहते घर माझ्याजवळ राहणारी मुलगी अनुराधा हिला. तिने धाकट्या भावाचा, गोमटेशचा, अखेरपर्यंत सांभाळ करावा. तो चाळिशीला आला, पण त्याला बोलता येत नाही, एकटे सोडता येत नाही.

२. विहिरीचे शेत गोमटेशचे, देखरेख अनुराधाची. शेजारच्या, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याला ते विकू नये. अनुराधा झाली तेव्हा तो कारखाना नव्हता. गोमटेश पोटात असताना होता. आम्ही जैन, पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाही. फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून सासूबाई फडके हलक्या हाताने धुऊन ते पाणी पुन्हा विहिरीत सोडत. कुंपणापलीकडून त्याच विहिरीत शिसे मुरत होते. ते फडक्यात अडकत नाही.

३. दीर शांतिनाथ यांना काही नाही. त्यांनी आयुष्यभर ऐकवले, "वैनी, पाणी आपण गाळून पितो. खोड पाण्यात कुठली? तुमच्या म्हायेरच्या रक्तात हाय." म्हणून मी वाचनालयातली पुस्तके शब्दकोश घेऊन वाचली. आईबापांकडून आलेली जनुके धड असली, तरी बाळाचा मेंदू घडताना कोणते कधी जागे व्हावे, कधी निजावे याचा क्रम असतो. शिसे तो क्रम बिघडवू शकते. गोमटेशचे तसेच झाले हे मी सिद्ध करू शकत नाही. पाण्यात शिसे आहे, एवढे तपासणीत निघाले. कारखान्याच्या मालकाने बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, संगमरवर बसवला, तेव्हा भाऊजींनी त्याला फेटा बांधला. मला किळस आली, अजून येते. माझ्या मयतीला त्याचा हार नको.

४. गेल्या महिन्यात नातीला, अनुराधाच्या दिव्याला, बघायला पाहुणे आले. भाऊजींनी गोमटेशला मागच्या खोलीत कोंडले. तो दार बडवू लागला तर पाहुण्यांना म्हणाले, "मांजर असंल."

यापुढे येणाऱ्या प्रत्येक स्थळासमोर गोमटेश पुढच्या खोलीत बसेल. ज्यांना चालणार नाही त्यांनी चहा न घेता उठावे. अट मोडली तर घरही गोमटेशच्या नावे होईल.

हे कलम लिहिताना माझा हात अडला. पोरीचे लग्न अडेल असे वाटले. दिव्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आज्जी, तुझी न्हवं, माझी अट म्हणून लिही."

तिची म्हणून लिहिली आहे.

सही: सन्मती भ. चौगुले

समक्ष साक्षीदार:
जयाबाई मगदूम, शेजारीण, मच्छे
सुहास देशपांडे, वकील, बेळगाव

मच्छे, १२ फेब्रुवारी २०२५