नऊ किलोंची टाचणी

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (पोटावर पडूनच लिहितो आहे, त्यामुळे वेगळा घालावा लागला नाही.) गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देते की अजून खालच्या खोलीतच ठेवलंय? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे कुणी कुणाशी धड बोलत नाही, पण तब्येती उत्तम.

माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते कॉलेज सोडलं तेव्हा झालं, असं तुम्ही सगळे धरून चालता. तसं नाही. ते झालं बाबांनी दादाच्या मुलाला स्वतःचं नाव देऊन टाकलं त्या दिवशी. माणूस गेल्यावर त्याचं नाव नातवाला ठेवतात एवढं मलाही कळतं, पण बाबांना आमचा भरवसा वाटेना. म्हणाले, माझ्या मागे तुम्ही काहीतरी दोन अक्षरी, कुठेही खपेल असं ठेवाल, त्यापेक्षा माझ्या डोळ्यांदेखत उरकून टाका. उरकलं. (ते नाव इथे लिहीत नाही. बापाचं नाव येताजाता घेऊ नये एवढी लाज कॉलेज सोडलेल्यालाही असते, आणि तुम्हाला ते पाठच आहे.)

नाव भारदस्त आहे यात वाद नाही. दगडी पाटीवर शोभेल. पण रांगत्या पोराला हाक मारायला घ्यावी, तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पोरगं पलंगाखाली पोचलेलं असतं. शिवाय घरात त्या नावाचा मूळ मालक हयात. वहिनी स्वयंपाकघरातून पूर्ण नावानिशी ओरडली, तोंडात काय घातलंस, थुंक आधी, की इकडे बाबा रक्तदाबाची गोळी थुंकून मोकळे. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? बाबा म्हणाले, घेतो, पण सून टिकू देत नाही. आईचं तर त्याहून अवघड. लग्न झाल्यापासून तिने ते नाव तोंडातून काढलेलं नाही, ती आता कुठून काढणार? ती नातवाला "अहो" म्हणते. अहो, दूध संपवा बघू. बाबा पेपर बाजूला ठेवतात आणि संपवतात.

शेवटी टोपणनाव ठेवायचं ठरलं आणि बैठक बसली. नेहमीची नावं सगळी आमच्या इमारतीत आधीच वापरात आहेत. गॅलरीतून 'सोनू' म्हटलं की तीन मुलं, एक विमा एजंट आणि दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा वर बघतात. दादाने सुचवलेलं नाव त्याच्या साहेबाच्या मुलाचं निघालं. (दादाची बढती अडली आहे.) वहिनीने सुचवलेलं तिच्या माहेरी आवडलं, म्हणून इकडे नावडलं. आणि मी, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं, दारात उभा राहून म्हणालो, "टाचणी."

इथून पुढचं मामीला वाचून दाखवू नका. मी ज्या टेलरच्या दुकानात आहे तिथे मास्तर कापड कापतात, मी काज-बटण आणि इस्त्री बघतो, आणि एक जण मापं घेते. ती गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून पँटची उंची टाचते तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे दिवसाचा बराच भाग ती फक्त "हं" आणि "अंहं" यांवर काढते. त्या "अंहं"मध्ये जे आहे ते आमच्या प्राध्यापकांच्या तासभराच्या व्याख्यानात नव्हतं. मनातल्या मनात मी तिला टाचणी म्हणायला लागलो. पण मनातल्या मनात किती म्हणणार? अपचन झाल्यासारखं व्हायला लागलं. मला ते मोठ्याने म्हणायचं होतं, उठताबसता म्हणायचं होतं, आणि घरात एक बाळ हाकेच्या नावावाचून लोळत होतं. मी ते वापरलं.

विरोध झाला. बाबा म्हणाले, मुलगा आहे, त्यातून नऊ किलोंचा आहे, ह्यात टाचणी कुठे दिसली तुला? दादा म्हणाला, शाळेत पोरं फाडून खातील. पण तो शब्द ऐकून बाळ खदखदून हसलं. आजवर ते घरातल्या कुणाच्या बोलण्याला हसलेलं नव्हतं (आमच्या घरातली बोलणी पाहता नवल नाही), तेव्हा ठराव मंजूर.

सुरुवातीचे दिवस स्वर्गात गेले. टाचणी, ये ना. टाचणी, बघ ना माझ्याकडे. टाचणी, तुझ्याशिवाय करमत नाही. आई पदर डोळ्याला लावून म्हणायची, काकाचा किती जीव आहे. पण घरातले बाकीचेही तेच नाव वापरणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. टाचणीचं नाक पुसा. टाचणीने पुन्हा चादर भिजवली. टाचणीला जुलाब लागलेत, आज कुणी उचलू नका. मी दुकानात जातो, समोर ती मान वाकवून बसलेली, केसांवर ऊन वगैरे, आणि माझ्या डोक्यात जुलाब. लोकांच्या प्रेमात जात आडवी येते, पैसा आडवा येतो. माझ्या प्रेमात दुपटी आडवी आली.

आणि गेल्या आठवड्यात वहिनी ब्लाउजच्या बाह्या सैल करायला म्हणून बाळासकट दुकानात आली. बाळ कापायच्या टेबलाखाली शिरलं. वहिनी म्हणाली, टाचणी, बाहेर ये. मास्तरांची कात्री कापडात थांबली. असलं नाव कुणी ठेवलं, असं त्यांनी विचारलं, आणि वहिनीने अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. माझ्या हातातली इस्त्री त्या वेळी एका सदऱ्यावर होती, ती तिथेच राहिली. (सदऱ्याचं विचारू नका.)

वहिनी गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. ओठांतल्या टाचण्या एकेक करून मनगटाला बांधलेल्या उशीत खोचल्या आणि म्हणाली, "नाव कुणावरून ठेवलंत?"

मामा, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तिच्यावर खेकसणाऱ्या गिऱ्हाइकाची मी कॉलर धरलेली आहे. प्राध्यापकांशी भांडून वर्गातून तडक घरी आलेलो आहे. तो मी म्हणालो, "कुणावरून नाही. असंच."

"असंच?"

"दुकानात सगळीकडे पडलेल्या असतात ना."

त्यावर ती "हं" म्हणाली. असं "हं" तुमच्या शत्रूच्याही वाट्याला न येवो. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. आणि काल मास्तरांकडून कळलं की पुलापलीकडच्या मोठ्या दुकानात तिला जागा मिळाली आहे, आणि आमच्याकडचा तिचा शेवटचा दिवस आज. (मी आज दुकानात गेलोच नाही.)

तर विनंती एवढीच, की पोरासाठी एखादं साधंसुधं टोपणनाव कळवा. बाबा ऐकतात ते फक्त तुमचं, आणि मला हे नाव घरात आता ऐकवत नाही.

मामीला नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमचा लाडका (इतर कुणाचाही नसलेला)
भाचा

ता. क. नाव नाही कळवलंत तरी चालेल. आत्ताच वेगवेगळ्या नावांनी हाका मारून पाहिल्या, बाळाने ढुंकून पाहिलं नाही. टाचणी म्हटल्यावर आलं आणि पत्राचा कोपरा चावून गेलं. कागद ओला लागेल, त्याला अश्रू समजू नये.

आणखी ता. क. खरं तर नाव नकोच आहे. तुम्ही या. बाबांना सांगायचं आहे की तुमचा धाकटा, शिक्षण अर्धवट टाकलेला, इस्त्री करणारा, लग्न करीन म्हणतो. मी सांगितलं तर भांडण होईल, तुम्ही सांगितलंत तर नुसता आरडाओरडा होईल. मुलीने होकार दिलेला नाही. मुलीला विचारलेलंही नाही. तेवढं सोडलं तर सगळं जमल्यात जमा आहे.

शेवटचं. हे उभ्याने लिहितो आहे, अक्षराला हसू नका. वहिनीने पाठीमागून सगळं पत्र वाचलं. म्हणाली, "भाऊजी, माझ्या बाह्या सैलच आहेत. मला ती मुलगी बघायची होती. नाव कुणावरून ठेवलंय ते तिला तिथेच कळलं, तिला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आता मामा काय गुडघा घेऊन दुकानात जाणार आहेत?" मी तिच्याशी भांडणारच होतो, पण दुकान थोड्या वेळात बंद होईल. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. खऱ्या नावाने हाक मारायची की त्या नावाने, तेही नाही. तुम्ही मात्र याच. पत्र टाकायला वहिनीकडे देतो, बाळ तिच्या कडेवर देतो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.