दहा सोमच्या आठ रीती

मी, उमसुनाई इशेनबेकोवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गणिताची निवृत्त प्राध्यापिका, राहणार बिश्केक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द येथेच घालण्याचा प्रघात आहे. सिद्ध न केलेले विधान मी कधी लिहिले नाही. ते शब्द शेवटी, सिद्धतेनंतर येतील.

१. सिद्धतेची गरज का पडली, ते आधी नोंदवते. माझा भाचा कुबात याच्या मुलीच्या लग्नात वधूवरांवर मिठाईसोबत नाणी उधळली. त्यांतली काही वेचून मी सवयीने विचारले: एक, तीन, पाच आणि दहा सोमची नाणी घेऊन दहा सोम किती रीतींनी होतील? कुबात बोटांवर मोजत विसाच्या पुढे गेला.

"अरे, तीन आधी ठेव की पाच आधी, रीत एकच. बँकेत बसतोस, तिथं तरी हे कुणाला सांगू नकोस."

"मग तुम्हीच सांगा, एजे. आम्ही पडलो अडाणी." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'एजे' म्हणतात.

"सात," मी म्हणाले.

शेजारी माझी जुनी विद्यार्थिनी बुरुल बसली होती. ती वाकून हळूच म्हणाली, "एजे, दहाचं एकटं नाणं राहिलं."

याच चुकीसाठी मी पिढ्यान्‌पिढ्यांचे गुण कापले आहेत. मी मोठ्याने 'आठ' अशी दुरुस्ती केली, तशी पंगत हसली. कुबात हसला नाही. विकायला निघालेल्या घराकडे पाहावे, तसा तो माझ्याकडे पाहत राहिला.

पुढच्याच आठवड्यात तो, माझे सारे व्यवहार त्याच्या हाती देणारा, माझ्या पालकत्वाचा अर्ज घेऊन आला. "नुसती सही, एजे. तुमची काळजी घेणारं कुणीतरी कागदावर हवं ना?"

"कागदावर कशाला? दारात येत जा."

सही केली नाही. मात्र तेव्हापासून रोज सकाळी नाणी मांडते. आठवी रीत सापडेपर्यंत चहा घशाखाली उतरत नाही. एकदा ती दुपारपर्यंत सापडली नव्हती.

२. दोन खोल्यांचे घर व सर्व पुस्तके बुरुल अकमातोवा हिला. तिने माझी चूक दाखवली, आणि दाखवताना आवाज खाली केला.

३. बँकेतील शिल्लक कुबातच्या मुलीला. तिचा यात काही दोष नाही. कुबातला माझ्या वडिलांचा नमद्याचा गालिचा. तो कोणत्याही बाजूने अंथरला तरी एकच, हे त्याला कोणीतरी समजावावे.

४. यापुढे माझ्या सहीचा कोणताही कागद, सहीपूर्वी दोन साक्षीदारांसमोर मी आठही रीती मोजलेल्या नसतील, तर रद्द समजावा. त्या दिवशी मी हसतमुख दिसले, तरी फसू नये.

५. बुरुल, मोजणी माझ्या हातून सुटेल तेव्हाही हळूच सांग. मी तुला ओळखले नाही, तरी सांग.

सिद्धता: दहा एकटा, एक. पाच-पाच, एक. एका पाचासह, दोन. पाचाविना, तीन आणि एक यांच्या, चार. एकूण आठ. आरंभ एकट्या नाण्यापासून केला, कारण एकदा हरवले ते तेच. पुढच्या वेळी कोणते हरवेल, ते मला ठाऊक नाही. म्हणून आजच्या तारखेपुरते, आणि केवळ तेवढ्यापुरतेच, लिहिते: पूर्ण शुद्धीत.

(सही) उमसुनाई इशेनबेकोवा

नाणी आमच्यासमोर मांडली, मोजली व त्यानंतरच सही झाली. लाभार्थी असल्याने बुरुल अकमातोवा तेवढा वेळ बाहेर जिन्यात उभी होती.

साक्षीदार:
१. तोकतोबेक सादिकोव, शेजारी (सही)
२. साईरा जुमालीयेवा, दंतवैद्य (सही)

बिश्केक, २ नोव्हेंबर २०२१